चालते व्हा! लंडनच्या रस्त्यावरचे कलावंत आणि त्यांना हाकलणारे कायदे



लंडन पाहायला गेलेला पर्यटक ब्रिटिश म्युझियम आणि टॉवर ब्रिज उरकून कधी ना कधी कॉव्हेंट गार्डनच्या चौकात येऊन पोहोचतोच. तेथे चर्चच्या उंच दगडी खांबांपुढे माणसांचे कोंडाळे जमलेले असते. मध्ये एखादा गडी पाच-सहा हात उंच एकचाकी सायकलवर बसून सुऱ्या झेलत असतो, तोंडाने अखंड बडबड चालू असते आणि पुढच्या रांगेतल्या एखाद्या प्रेक्षकाची यथेच्छ टर उडवली जात असते. खेळ रंगात येतो, शेवटची अवघड करामत आता होणार असे वाटते आणि नेमक्या त्या क्षणी तो थांबतो व पैशाची गोष्ट काढतो. गावच्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. ढोलकी थांबली, पोर तारेवर मधोमध उभे राहिले, की थाळी फिरणार हे ठरलेलेच असे.

हा खेळ जिथे चालतो ती जागा मोठी गमतीची आहे. हे सेंट पॉल चर्च. प्रसिद्ध घुमटाचे सेंट पॉल कॅथीड्रल वेगळे. हे त्याचे नावबंधू. वास्तुविशारद इनिगो जोन्स याने ते १६३० च्या दशकात बांधले. चौकाकडे तोंड करून असलेली त्याची भव्य कमान आणि मधला दरवाजा हा निव्वळ देखावा आहे. वेदी त्याच बाजूला असल्यामुळे त्या दारातून कोणी आत जात नाही; खरे प्रवेशद्वार मागच्या, पश्चिमेच्या बाजूला आहे. म्हणजे चौकाला एक भरभक्कम नेपथ्य आयतेच मिळाले. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचा पहिला प्रवेश याच खांबांखाली, पावसात, घडतो. फुले विकणारी ती मुलगी पुलंच्या ‘ती फुलराणी’तून आपल्या घरी आली, तिचे मूळ ठिकाण हेच.

त्याच भिंतीवर एक लेख कोरलेला आहे. पर्यटकांची पाठ बहुधा त्याच्याकडे असते. इंग्लंडमधला ‘पंच’चा पहिला कठपुतळीचा खेळ या जागेच्या जवळ झाला आणि तो १६६२ साली सॅम्युअल पेपीस याने पाहिला, असा त्याचा आशय.

हा पेपीस म्हणजे नौदलाच्या कारभारात नोकरीला असलेला, त्या वेळी एकोणतीस वर्षांचा एक कारकुनी पेशाचा माणूस. तो लघुलिपीत रोजनिशी लिहीत असे. ती रोजनिशी दीडशेहून अधिक वर्षांनी, १८२५ मध्ये, प्रथम छापली गेली आणि सतराव्या शतकातले लंडन जिवंत झाले. ९ मे १६६२ च्या नोंदीत तो सांगतो की कॉव्हेंट गार्डनमध्ये कठड्याच्या आत एक इटालियन कठपुतळीचा खेळ चालला होता, तो फारच सुरेख होता आणि पाहायला छानछोकी मंडळींची गर्दी लोटली होती. त्याला तो इतका आवडला की दोनच आठवड्यांत तो बायकोला घेऊन पुन्हा गेला. खेळ करणारा पिएत्रो जिमोंदे हा बोलोन्याचा, म्हणून लोक त्याला ‘सिन्योर बोलोन्या’ म्हणत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने दुसऱ्या चार्ल्स राजापुढे खेळ केला आणि राजाने त्याला सोन्याची साखळी व पदक दिले.

येथे क्षणभर थांबून या तारखेचे महत्त्व लक्षात घ्यायला हवे. १६४२ मध्ये प्युरिटन पंथीयांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटने नाटकगृहे बंद केली होती. राजसत्ता परतली ती १६६० मध्ये. मधली अठरा वर्षे लंडनला अधिकृत रंगभूमीच नव्हती. लाकडी बाहुल्यांकडे मात्र बंदी घालणाऱ्यांचे फारसे लक्ष गेले नाही. पेपीसने पाहिला तो खेळ हा करमणुकीच्या दुष्काळानंतरचा पहिला पाऊस होता.

त्या खेळातला नायक पुल्चिनेल्ला. वाकड्या नाकाचा, कुबड्या, खादाड, भांडकुदळ असा इटालियन लोकनाट्यातला हा विदूषक. इंग्रजांच्या तोंडी त्याचा आधी ‘पंचिनेल्लो’ आणि मग नुसता ‘पंच’ झाला. पेपीसने पाहिला तो बहुधा दोऱ्यांवर नाचणाऱ्या बाहुल्यांचा खेळ होता. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस पंच दोऱ्या सोडून हातमोज्यावर आला. याचे कारण कलेपेक्षा पोटाशी जवळचे आहे. दोऱ्यांच्या खेळाला मंच, सामान, माणसे लागतात. हातमोज्याच्या बाहुल्यांना एक घडीचा तंबू पुरतो, तो पाठीवर टाकता येतो, आणि पोलीस आला की दोन मिनिटांत गुंडाळताही येतो. आत एक माणूस, बाहेर पैसे गोळा करणारा दुसरा. पंचचा तो चिरका आवाज काढण्यासाठी खेळिया जिभेजवळ एक पातळ चपटी पिपाणी धरतो. राजस्थानी कठपुतळीवाला तोंडात बांबूची ‘बोली’ धरतो तिचीच ही विलायती बहीण. एकीने दुसरीकडून घेतली असे म्हणायला पुरावा नाही. दोन्हीकडच्या कलावंतांना भर रस्त्याच्या कोलाहलात लाकडाच्या तुकड्याला आवाज द्यायचा होता, एवढे खरे.

पंच बायकोला बडवतो, पोराला खिडकीबाहेर फेकतो, शिपायाला झोडपतो आणि अखेरीस त्याला फाशी द्यायला आलेल्या जल्लादालाच फासात अडकवतो. खेळ क्रूर आहे आणि त्याची सारवासारव करण्याची गरज नाही. पण तो कोण पाहत होते हेही पाहा. ज्या काळात क्षुल्लक चोरीसाठीही फाशी होत असे, त्या काळात जल्लादाला फसवणारी बाहुली गरिबांना हसवत होती.

आता कायद्याकडे वळू, कारण आजच्या धाग्याचा खरा विषय तो आहे.

पेपीसच्याही नव्वद वर्षे आधी, १५७२ मध्ये, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात भटक्यांच्या शिक्षेसाठी एक कायदा झाला. ‘भटका’ म्हणजे कोण याची त्यात भलीमोठी यादी आहे. तलवारबाजीचे खेळ करणारे, अस्वलवाले, जादूगार, भाट-गवई, फेरीवाले आणि कोणत्याही सरदाराच्या पदरी नसलेले नट हे सगळे एकाच माळेत ओवलेले. शिक्षा अशी : फटके मारायचे आणि उजव्या कानाची कूर्चा तापलेल्या लोखंडाने भोसकायची. शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकमंडळ्या ‘अमुक सरदाराची मंडळी’, ‘लॉर्ड चेंबरलेनची मंडळी’ अशी नावे का लावत, याचे एक मोठे कारण येथे सापडते. ती नावे शोभेची नव्हती. ती कान वाचवणारी होती. ज्याला धनी मिळाला तो नट झाला. ज्याला मिळाला नाही तो भटका राहिला. कला तीच.

हा भेद पुढे तीन शतके टिकला, फक्त हत्यारे बदलली. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्याने रस्त्यावर हात पसरणे आणि भविष्य सांगणे हे गुन्हे ठरवले. १८३९ च्या पोलीस कायद्याने लंडनच्या गृहस्थाला आपल्या दारातल्या वादकाला निघून जायला सांगण्याचा अधिकार दिला, मात्र घरात आजारपण किंवा तसेच काही सबळ कारण असायला हवे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनचे रस्ते कसे होते हे कळते ते हेन्री मेह्यू या पत्रकारामुळे. त्याने झाडूवाल्यांपासून जादूगारांपर्यंत शेकडो माणसांशी बोलून त्यांच्याच तोंडच्या हकिकती लिहून घेतल्या. १८४९-५० मध्ये त्या वर्तमानपत्रात आल्या आणि नंतर ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ या ग्रंथाच्या खंडांत संग्रहित झाल्या. त्यात पंचचा खेळ करणाराही आहे. त्याच्या बोलण्यात मोडक्या इटालियन शब्दांची एक गुप्त बोली डोकावते, जी फक्त त्या धंद्यातल्यांना कळावी. आपल्याकडच्या भटक्या जमातींच्या सांकेतिक बोलींशी परिचय असलेल्यांना हे वाचून गंमत वाटेल. मेह्यूने रस्त्यावरच्या वादकांचे दोन वर्गही पाडले आहेत : ऐकवणारे आणि न ऐकवणारे. पहिल्यांना लोक वाजवल्याबद्दल पैसे देतात, दुसऱ्यांना निघून जाण्याबद्दल!

मेह्यू हा १८४१ मध्ये निघालेल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या संस्थापकांपैकी एक. साप्ताहिकाचे नाव रस्त्यावरच्या त्याच बाहुल्यावरून ठेवलेले. मुंबईत पुढे ‘हिंदी पंच’ नावाचे व्यंगचित्रांचे नियतकालिक गाजले, त्या नावाचा धागाही मागे जात जात असा बोलोन्याच्या त्या खेळियापर्यंत पोहोचतो.

या सगळ्या कलकलाटातला सर्वांत बदनाम आवाज बॅरल ऑर्गनचा होता. गळ्यात अडकवलेली किंवा गाड्यावर ठेवलेली एक पेटी, बाजूला हँडल. हँडल फिरवले की एकाच वेळी भाता हलतो आणि आतला लाकडी दंडगोल फिरतो. दंडगोलावर ठरावीक जागी खिळे ठोकलेले असतात, ते नळ्यांची तोंडे उघडतात आणि सूर निघतात. वाजवणाऱ्याला संगीत येण्याची गरज नाही. गाणी मोजकी, तीच तीच. ही पेटी फिरवणारे बहुतेक इटलीतल्या गरीब डोंगरी भागांतून आलेले, लंडनच्या क्लार्कनवेल-सॅफ्रन हिल भागातल्या दाटीवाटीच्या खोल्यांतून राहणारे. त्यांत कोवळी मुलेही असत. मुकादम त्यांना गावाहून आणत आणि दिवसभराची कमाई संध्याकाळी काढून घेत. ही दुसरी बाजू पेटीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांच्या तक्रारींत क्वचितच दिसते.

आणि तक्रारदारांचा मुकुटमणी होता चार्ल्स बॅबेज.

होय, तोच, संगणकाचा पितामह. लंडनच्या डॉर्सेट स्ट्रीटवर राहणारा हा गणितज्ञ रस्त्यावरच्या वाद्यांनी अक्षरशः पिसाळला होता. १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ‘रस्त्यावरचे उपद्रव’ या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. गेल्या बारा वर्षांत आपल्या कामाच्या शक्तीचा चौथा हिस्सा या उपद्रवाने खाल्ला, असा त्याचा हिशेब. सुमारे तीन महिन्यांत १६५ वेळा व्यत्यय आल्याची मोजदाद त्याने ठेवली. छळाच्या साधनांची यादी केली : ऑर्गन, ब्रास बँड, फिडल, हार्प, ढोल, बॅगपाइप, अर्ध्या पेनीच्या शिट्ट्या आणि मनुष्याचा कंठ. या छळाला उत्तेजन देणाऱ्यांचीही यादी केली. तीत दारूच्या गुत्त्यांचे मालक, नोकरचाकर, लहान मुले आणि खेड्यातून आलेले पाहुणे आहेत. गणिती माणूस रागावला तरी तक्ताच करतो.

त्याने वादकांवर फिर्यादी केल्या. त्याचा उलटाच परिणाम झाला. शेजाऱ्यांनी मुद्दाम वादक बोलावून त्याच्या खिडकीखाली वाजवायला लावले. एकदा ब्रास बँड थोड्या विश्रांतीखेरीज पाच तास वाजत राहिला. कोणी दारात मेलेली मांजरे टाकली, कोणी काचा फोडल्या. एका शेजाऱ्याने रोज अर्धा तास खिडकीतून पत्र्याची पिपाणी फुंकण्याचा नेम कित्येक महिने चालवला. रस्त्यात पोरांचा घोळका मागे लागे. हे वाचताना हसू येते आणि त्या म्हाताऱ्याची दयाही येते. दिवसभर तीच सहा गाणी दाराशी वाजत असतील तर डोके शाबूत ठेवणे कठीण, हे लाउडस्पीकरच्या देशात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

परंतु या भांडणातला खरा विनोद यंत्रांच्या पोटात दडलेला आहे. बॅबेजच्या नियोजित ‘ॲनालिटिकल इंजिन’मध्ये आतल्या क्रिया कोणत्या क्रमाने व्हाव्यात हे ठरवण्यासाठी खुंट्या बसवलेले दंडगोल होते. दंडगोल फिरला की खुंट्या ठरावीक दांड्यांना ढकलणार आणि यंत्र पुढची पायरी उचलणार. म्हणजे तत्त्व तेच, जे खिडकीखालच्या इटालियन पोराच्या पेटीत होते! शिवाय याच यंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिताना एडा लव्हलेस हिने म्हटले होते की स्वरांचे परस्परसंबंध योग्य रीतीने मांडता आले तर हे यंत्र हव्या तितक्या गुंतागुंतीचे संगीतही रचू शकेल. बॅबेजला यातला विनोद जाणवला असेल असे त्याच्या लिखाणावरून वाटत नाही.

बॅबेज एकटा नव्हता. टॉमस कार्लाइल या इतिहासकाराने १८५३ मध्ये चेल्सीतल्या घराच्या छपरावर दुहेरी भिंतींची एक ‘निःशब्द’ खोली बांधून घेतली होती. तिचा फारसा उपयोग झाला नाही. पार्लमेंटचा सभासद मायकेल बॅस हा मद्यनिर्मितीतला धनाढ्य. त्याने या प्रश्नावर विधेयक आणले आणि त्याच्या पाठिंब्यासाठी पत्रे गोळा करून एक पुस्तकच छापले. त्यातल्या एका पत्रावर चार्ल्स डिकन्स, टेनिसन, कार्लाइल, चित्रकार मिले अशांच्या सह्या आहेत. आम्ही घरी बसून बौद्धिक काम करणारी माणसे आहोत आणि हे लोक आमच्या शांतीवरच व्यापार करतात, असा त्या पत्राचा सूर.

तो सूर नीट ऐकण्यासारखा आहे. डॉक्टर, वकील, व्यापारी यांचे काम कचेरीत चाले. लेखक-चित्रकार घरी काम करत आणि आपलेही काम तितकेच प्रतिष्ठित आहे हे समाजाला पटवून देण्याच्या खटपटीत होते. शांतता हा त्यांच्या व्यवसायाचा कच्चा माल होता. उलट बाजूने युक्तिवाद येई तो असा : श्रीमंताला ऑपेरा आहे, गरिबाला ही पेटीच आहे, ती कोणाच्या सोयीसाठी बंद करायची? मला स्वतःला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मात्र ज्या डिकन्सने आपल्या कादंबऱ्यांत पंचवाल्यांना आणि सर्कशीतल्या माणसांना इतक्या मायेने जागा दिली, त्याची सही त्या पत्रावर पाहून थोडे चुकल्यासारखे होते.

विधेयक जुलै १८६४ मध्ये मंजूर झाले. आता आजारपणाची अट उरली नाही. ‘नेहमीच्या कामात व्यत्यय येतो’ एवढे कारण पुरेसे झाले. गृहस्थाने किंवा त्याच्या नोकराने सांगूनही वादक हलला नाही तर चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा तीन दिवसांपर्यंत कैद. तीनच महिन्यांनी ‘पंच’ साप्ताहिकाचा नामांकित व्यंगचित्रकार जॉन लीच वारला. ऑर्गनवाल्यांच्या विरुद्ध चित्रांची मोहीम चालवणाऱ्या या माणसाचा बळी रस्त्यावरच्या गोंगाटाने घेतला, असे त्याचे मित्र म्हणत राहिले. रस्त्यावरच्या बाहुल्याचे नाव लावणारे नियतकालिक रस्त्यावरच्या कलावंतांविरुद्ध लढत होते, हेही नोंदवून ठेवावे. बॅबेज १८७१ मध्ये गेला. पेट्या वाजतच होत्या.

आता एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. बॅबेजने वाद्ये आणि वाजवणारे यांचा जो तक्ता दिला आहे त्यात इटालियनांपुढे ऑर्गन आहे, जर्मनांपुढे ब्रास बँड आहे आणि ‘हिंदुस्थानचे रहिवासी’ यांच्यापुढे टॉम-टॉम, म्हणजे हाताने बडवायचा ढोल, आहे. मेह्यूनेही लंडनच्या रस्त्यावर ढोल वाजवत, खिन्न सुरात गात संथपणे जाणारे हिंदुस्थानी वादक वर्णिले आहेत. १८५० च्या आसपासचे लंडन, थंडी, धुके आणि त्यात आपला ढोल!

त्याच्याही आधी, १८१३ च्या सुमारास, रामो सामी नावाचा हिंदुस्थानी खेळिया लंडनमध्ये गाजला. मूळ नाव बहुधा रामस्वामी. तो पितळी चेंडू झेलत असे, तलवार गिळत असे. पॉल मॉल भागातल्या सभागृहात त्याच्या मंडळीचे खेळ पैसे देऊन पाहायला उमराव येत. पुढे तो अमेरिकेतही जाऊन आला. निबंधकार विल्यम हॅझलिट याने १८२१ मध्ये ‘द इंडियन जगलर्स’ हा निबंध प्रसिद्ध केला, त्यातला चार पितळी चेंडू एकाच वेळी हवेत फिरवणारा माणूस हाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. हॅझलिट प्रांजळपणे लिहितो की ही अचूकता पाहून मला माझीच लाज वाटली. मी आयुष्यभर लिहीत आलो, पण या माणसासारखे निर्दोष असे मला काय करता येते? निबंध अमर झाला. रामो सामी १८५० मध्ये लंडनमध्येच वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीसाठी पत्नीला लोकांपुढे मदतीचे आवाहन करावे लागले.

विसाव्या शतकात चित्र थोडे बदलते. जॉर्ज ऑर्वेल लंडनच्या निराधारांत राहिला आणि १९३३ मध्ये ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ हे पुस्तक त्याने प्रसिद्ध केले. कायद्यातली एक विलक्षण फट तो दाखवतो. रस्त्यावर कोणाकडे नुसते दोन पेन्स मागाल तर भीक मागितल्याबद्दल तुरुंग. पण तेच पैसे बेसूर भजन गुणगुणत, फरशीवर खडूने चित्र काढत किंवा काड्याच्या पेट्यांचा ट्रे पुढे धरून मिळवाल तर तुम्ही व्यवसाय करणारे ठरता. म्हणून लंडनच्या फुटपाथवर कितीतरी माणसे काहीतरी गात, काहीतरी रेखाटत असत. गाणे ही तेथे ढाल होती.

ही ढाल लक्षात ठेवा. कारण आता आपण मुंबईत येतो आहोत.

१९४५ मध्ये मुंबई प्रांतात भिकाऱ्यांविषयी कायदा झाला आणि त्याची जागा पुढे १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने घेतली. त्याच्या दुसऱ्या कलमात भीक मागण्याची व्याख्या आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे अशा कोणत्याही बहाण्याने असो वा नसो. पुन्हा एकदा वाचा. लंडनमध्ये ज्या गाण्याने माणूस भिकारी ठरण्यापासून वाचत होता, ते गाणे मुंबईच्या कायद्याच्या लेखी ‘बहाणा’ ठरले. १५७२ च्या यादीतले अस्वलवाले, गवई, जादूगार येथे क्रियापदे होऊन परत आले. शिक्षाही हलकी नव्हती. पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याला एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत डांबता येई. पुनःपुन्हा सापडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत.

डोंबारी, कोल्हाटी, गारुडी, मदारी, बहुरूपी, वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाले ही माणसे वाचकांना आठवली असतीलच. त्यांच्याकडे पाहण्याची नजर केवळ परक्या राज्यकर्त्यांनी बिघडवली असे म्हणणे सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी आणला आणि भटकण्यालाच संशयाचे रूप दिले, हे खरे. तो १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांवरचे विवेचन वाचा. शेतकऱ्याच्या खळ्यावर येऊन मागणाऱ्यांचा भार किती, याचा हिशेब तेथे मांडलेला आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो हिशेब समजतो. बॅबेजचाही समजतो. दोन्ही हिशेबांत मागणाऱ्याच्या कलेचा रकाना नाही, एवढेच.

गावात वासुदेवाला वर्षाचा फेरा होता, ठरलेली घरे होती, सुपातले धान्य हा त्याचा हक्क समजला जात असे. तोच माणूस शहरात आला की फेरा तुटतो, घरे अनोळखी होतात आणि सिग्नलपाशी तेच गाणे म्हणणारा तो व्याख्येत जाऊन बसतो. कलेत काही फरक पडलेला नसतो. बदलते ते फक्त त्याच्याभोवतीचे गाव.

लंडनकडे शेवटचे एकदा वळू. कॉव्हेंट गार्डनचा भाजी-फळबाजार १९७४ मध्ये नदीपलीकडे नाईन एल्म्सला हलला. रिकामी इमारत दुरुस्त होऊन १९८० मध्ये दुकाने-उपाहारगृहांसाठी उघडली आणि कलावंतांना खेळासाठी जागा व वेळा ठरवून दिल्या जाऊ लागल्या. भुयारी रेल्वेत वाजवणे निषिद्ध होते, ते २००३ पासून चाचणी घेऊन, परवाना देऊन सुरू झाले. स्थानकांत फरशीवर आखलेली अर्धवर्तुळे म्हणजे या वादकांच्या जागा. २०२१ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या नगरपरिषदेने आपल्या हद्दीत परवाने आणले, त्याला कॉव्हेंट गार्डनच्या जुन्या कलावंतांनी विरोध केला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये लेस्टर स्क्वेअरवरच्या गाण्याबजावण्याविरुद्ध तेथल्याच एका रेडिओ कंपनीने लावलेल्या खटल्याचा निकाल लागला. कर्ण्यांवरून तीच तीच गाणी तासन्‌तास ऐकावी लागणे हा उपद्रव आहे, असे न्यायालयाने मान्य केले. मानसिक छळाच्या तंत्रांत अशा पुनरावृत्तीचा वापर होतो, याचाही न्यायाधीशांनी उल्लेख केला. एप्रिलपासून त्या चौकातले वादन स्थगित झाले. डॉर्सेट स्ट्रीट तेथून चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

आपल्याकडे मुंबईचा तो अधिनियम अनेक राज्यांनी उचलला होता. दिल्लीला तो १९६० मध्ये लागू झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती होत्या गीता मित्तल आणि त्यांच्यासोबत सी. हरी शंकर. ज्याला जगण्याची साधने पुरवता आली नाहीत त्यालाच शासनाने मागण्याबद्दल शिक्षा करावी, हे जगण्याच्या मूलभूत हक्काशी विसंगत आहे, असा निकालाचा गाभा. तो निकाल दिल्लीपुरता होता. कायद्याच्या नावात मात्र मुंबईच होती.